सामायिक पान

अजिंठा रस्त्याला एमआयडीसीत
खाली चटया विणणारे बावीस माग,
वर आम्ही चौघं, कानाला हेडफोन.
मे महिना. कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं.
मागांची घरघर जिन्यानं वर येते,
गिऱ्हाईक विचारतं, तुमच्याकडे गिरणी चालू आहे का?
हो म्हणायचं. पुढे बोलायचं.

फैजपूरहून कुमुद नेहेते.
"अठी सगळं इंग्रजीत झालं, बाई. मले काही सुधरत नही."
म्हटलं, मावशी, कोपऱ्यात निळं बटण आहे,
दाबा. सहा आकडे येतील, ते मला सांगा.
तिनं डाळीतले खडे वेचावेत तसे
एकेक करून सांगितले,
मधला दोनदा.

आणि तिचं पान माझ्यापुढे उघडलं.
तिचा बाण काळा, माझा केशरी.
"हे कोन फिरतंय माह्या घरात?"
मी आहे, मावशी. भिऊ नका.
मला हे एवढं पान दिसतं,
तुमच्याकडचं बाकी काही नाही.
"मंग चहा उतू चालला तो बी दिसत नही?"
नाही, मावशी.
"थांब."

थांबले.

आल्यावर मी भाषा मराठी करून दिली,
केशरी बाणानं आकारांभोवती गोल काढला.
तिचा बाण मागे मागे आला,
परक्या गावात वाट दाखवणाऱ्यामागून
दोन पावलं सोडून चालतात तसा.
चार बाय सहा. हिरवी, काठाला मोर.
नग एक.
पत्ता: सौ. विमल फेगडे, उधना, सुरत.

आता भेटसंदेश, म्हटलं. साठ अक्षरं.
नको असेल तर सोडून द्या.
तिनं सोडलं नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं
कार्डाचा नंबर आपल्याला राखाडी ठोकळे दिसतो,
ओटीपी ठोकळे,
झाकायचं ते यंत्र आपणहून झाकतं.
खोडलेलं झाकत नाही
हे कुणी सांगितलं नव्हतं.

'प्रिय विमल' आलं. प्रिय गेलं.
'विमल, अकरा वर्षं' आलं
आणि कर्सर उलटा फिरला:
आधी अनुस्वार गेला, मग ष,
रफार सुटला, र उघडा पडला,
मग तोही.
'आईच्या बांगड्या मी'
इथं ती बराच वेळ बसली.
हे मात्र एकेक करून नाही गेलं,
बोट दाबून धरलं असणार.

खाली पाळी बदलली, माग थांबले.
दोन मिनिटं हालचाल नसेल तर नियमानं विचारायचं,
आणखी काही मदत करू का?
विचारलं नाही.
केशरी बाण पानाच्या काठाला नेऊन ठेवला,
चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात तसा.

मग न अडखळता आलं:
'भिंतीकडची बाजू तुझीच.'

"बसलं का साठात?"
बसलं, मावशी. पुष्कळ उरली.
"उरू दे."

पुढे ठोकळे, ठोकळे, ठोकळे.
सत्र संपलं.
काळा बाण गेला, माझा राहिला
कंपनीच्या पहिल्या पानावर, सवलतीच्या चटयांत.

एकतीस मिनिटं. माझी सरासरी सात.
जितू सर म्हणाले, एका चटईला?
अभिप्रायात तीन तारे:
पोरगी बरी हाय. आवाज हळू.

शुक्रवारी पार्सल पोचल्याची नोंद पडली.
पोचवणाऱ्यानं काढलेला फोटो, दार बंद,
गुंडाळी भिंतीला टेकून उभी.
घेणाऱ्याचं नाव: शेजारी.
मी ते पान दोनदा ताजं करून पाहिलं.
कानात जामनेरचं कुणी
आकडे सांगत होतं, चौथ्यावर अडलं होतं.