अर्धं पोतं

आधी हवा.
वाळूत उतरवलेली हवा लोक भरायची विसरतात
आणि येतात सांगत, गाडी डावीकडे ओढते.
निम्म्या गाड्यांचं दुखणं तिथेच उतरतं.
हिचं नाही उतरलं.

मग तळहात.
टायरवरून आत नेला तर गुळगुळीत,
बाहेर आणला तर तांबोशीला
शेपटीकडून डोक्याकडे चोळावं तसं.
म्हणजे चवडे फिरलेत. वादी कबीरमध्ये याला टो म्हणतात,
लाहोरपासून लांज्यापर्यंतचे सगळे मिस्त्री टोच म्हणतात.

प्राडो, पांढरी, बारा वर्षांची.
रॅम्पवर चढवली, चारी चाकांना शिंगं लावली,
स्टिअरिंग मधोमध धरून दांडा अडकवला.
स्क्रीनभर लाल आकडे.
उस्ताद लतीफ स्क्रीनकडे पाठ करून बसले असते.
त्यांचं सगळं दोन सुतळ्यांवर
आणि एका पोलादी पट्टीवर,
जिचा पहिला सेंटिमीटर झिजून गेलेला.
ते एकपासून मोजत
आणि गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा चुकला.

त्यांची एक खोड मी ठेवली आहे.
नट सैल करण्याआधी विचारायचं,
गाडीत रोज कोण कोण बसतं?
रिकामी गाडी वेगळी उभी राहते, भरलेली वेगळी.
त्यासाठी कोपऱ्यात वाळूची पोती, चाळीस चाळीस किलोची.

झुवैनाबाई म्हणाल्या, दोघं. मी आणि मुहन्नद.
शेजारच्या सीटवर पोतं ठेवलं, पट्टा लावला,
नाहीतर ते कलंडतं.
त्या पट्ट्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, तो ऑगस्टपासून पोलंडला. डॉक्टरकीला.
काढू?
शेजारच्या गाळ्यात कुणी सायलेन्सर ठोकत होतं.
उन्हाळ्यात येतो ना, त्या म्हणाल्या. महिनाभर.

पोत्याचं तोंड सोडलं, निम्मी वाळू घमेल्यात ओतली,
पुन्हा बांधलं, पुन्हा बसवलं.
वीस किलो.
आमची सादिया पहिलीत एवढीच भरायची,
रेशनच्या काट्यावर, चपलांसकट.
स्क्रीनवरचा शेवटचा आकडा जरासा हलला.

खाली शिरलो. बावीसचा पाना.
टायरॉडचा नट गंजून बसलेला.
तेल मारलं, थांबलो, पुन्हा मारलं.
पाव आटा. बस्स, एवढाच.
डावं हिरवं झालं, त्यावर उजवं रुसलं,
त्याला थोडं चुचकारलं,
मग दोन्ही हिरवी.

अमरातच्या रस्त्याला, घाट उतरल्यावर, सरळ पट्ट्यात
मी स्टिअरिंग सोडलं.
एक, दोन, तीन, चार.
पाचला गाडी उजवीकडे कलली.
आता उजवीकडे? बाई मागच्या सीटवरून.
रस्ताच उतरता आहे, म्हटलं, पाणी वाहून जावं म्हणून.
वर्षातून दोनदा येणाऱ्या पावसासाठी
रोज सगळ्या गाड्या थोड्या थोड्या कलतात.
त्या हसल्या की खोकल्या, कळलं नाही.

आठ रियाल. पावती नको म्हणाल्या.

संध्याकाळी पोती मोजली तर अर्धं कमी.
गेलं वाटतं तसंच, पुढच्या सीटवर, पट्ट्यासकट.
कार्डावर नंबर आहे. दोनदा काढून बघितला.
घमेल्यातली वाळू अजून तिथेच.
तिच्यात कुणीतरी सिगारेट विझवली आहे.