नांगराच्या तासाखाली

बॉर्नहोमच्या उघड्या शेतात, सप्टेंबर सरताना,
टॉर्किल्डच्या कानात यंत्र किणकिणलं.
बाटलीच्या झाकणासारखं नाही,
जरा खोल, गोल.

वीतभर माती. चांदीची कड.
शेजारी दुसरं नाणं. मग तिसरं,
एकमेकांना चिकटलेली,
आणि त्यांच्यात अडकलेला
पिशवीचा असेल नसेल एक धागा.

हात थांबला.
अंगठा पुसायला शिवशिवला,
तो त्याने खिशात घातला.
संग्रहालयातली बिर्गिट एकदा म्हणाली होती,
वस्तू काय, मिळतातच रे.
ती कशी पडली होती, ते मला हवंय.

माती परत लोटली. खुणेला हातमोजा.
फोन केला. ती म्हणाली, सकाळच्या पहिल्या बोटीने येते,
कुणाला बोलू नकोस.
शेतमालक एस्किलला मात्र सांगावंच लागलं.
तो थर्मास घेऊन आला.

दोघे बांधावर बसले रात्रभर,
बिटाच्या भावाबद्दल बोलत, गुडघ्यांबद्दल.
आणि खाली, हातभरही दूर नाही,
कुणाची तरी हजार वर्षांपूर्वीची घाई
तशीच, गाठ न सुटलेली.

पहाटे एस्किलने विचारलं,
एक तरी बघू दे की.

टॉर्किल्ड म्हणाला,
मीही कुठे
नीट पाहिलंय अजून.