हळदीचं पोतं

मगदूमांचा फोन आला, "या की गुरुवारी.
एक जुना इंग्रजी पिक्चर लावतोय.
भुताचा न्हवं, नटाचा."
शेवटचा शब्द असा टाकला त्यांनी
की विश्रामबागेच्या भर दुपारी
मला मागं वळून बघावंसं वाटलं.

ओळख जुनी.
साल चौऱ्याऐंशी, स्पर्धेची प्राथमिक फेरी,
जिनपाल मगदूम, दिवसा मार्केट यार्डात दिवाणजी,
रात्री राजा.
आणि मी सायंदैनिकाच्या तिसऱ्या पानावर,
वय सव्वीस, एक चहा आणि पंधरा रुपयांवर निर्भय.
लिहून मोकळा झालो :
'मगदूमांचा राजा रंगमंचावर
हळदीच्या पोत्यासारखा उभा राहतो.'
गावानं वाक्य झेललं.
अडत्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना काट्यावर उभं केलं,
वजन मोठ्यानं पुकारलं. मी हे नंतर ऐकलं.
हसलोही असेन.

पडद्यावर ओसाड थिएटर, उंदरांनी कुरतडलेली मखमल,
मेला म्हणून सगळ्यांनी विसरलेला एक नट
परत येतो,
आणि समीक्षकांना गाठतो एकेक करून.
ज्या नाटकाला नावं ठेवलीत त्यातलंच मरण,
वेशभूषेसकट, प्रकाशयोजनेसकट,
वर स्वगत.
रक्त अगदीच खोटं, पोस्टाच्या पेटीच्या रंगाचं.
"आपण बरं करायचो," मगदूम म्हणाले,
"बीट आणि काकवी.
माश्या बसायच्या, पण प्रेक्षक गार."

दुसऱ्या खुनाला त्यांनी मांडीवर थाप मारली.
तिसऱ्याला रिमोटनं मागं नेलं,
"पॉज बघा हो. मारायच्या आधीचा.
घाई न्हाई. ह्याला म्हणतात अभ्यास."
मीही हसत होतो, खरंच हसत होतो,
इतकं मनापासून वाईट वागणारा माणूस
मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता,
आणि मरणारे आम्हीच, आमच्या जातीचे,
स्कार्फ, पेन, पुढची रांग,
कुणाबद्दल वाईट म्हणून वाटेना.

मग एकाला खायला घालून घालून मारलं.
माझ्या हातात भडंगाची वाटी.
इंदुमती वहिनी दारात, "अजून घ्या की,
तुमच्यासाठी मुद्दाम केलाय."
लसूण फार कुरकुरीत होता.
मगदूम पडद्याकडं बघत नव्हते.

शेवटी सगळं जळालं. त्यांनी टीव्ही बंद केला
आणि उठले.
शहात्तर वर्षं, गुडघ्याला पट्टा, पायात मोजे,
शोकेसमधल्या प्लास्टिकच्या सूर्यफुलांसमोर
चौऱ्याऐंशी सालचा राजा बोलायला लागला.
उभे तसेच.
तेव्हाही तसेच होते, मी खोटं लिहिलं नव्हतं.
फक्त आवाज, तो माझ्या कात्रणात कुठंच नाही,
त्याबद्दल ओळच नाही,
जागा संपली होती की काय.

"...आणि या सिंहासनाच्या पायाशी..."
अडकले.
वहिनींचा हात पदराशी थांबला.
पंखा.
"...गहाण," मी म्हणालो.
"गहाण टाकलेली माझी झोप."

ते माझ्याकडं बघत राहिले,
त्या नटासारखे नव्हे, वजनकाट्याकडं बघावं तसे.
"म्हंजे ऐकत होता तर,"
एवढंच, आणि खाली बसले, गुडघा धरून.

निघताना फाटकाशी एक पुडी दिली, अर्धा किलो.
"घरची हाय. पोत्यातली."
चेहरा कोरा. चाळीस वर्षांत
एवढं चांगलं काम मी त्यांचं पाहिलं नव्हतं.

पुडी स्कूटरच्या हुकाला लावली.
मिरज रोडला प्रत्येक सिग्नलला वास.
रात्री हिनं आमटीत तीच घातली, न विचारता.
मी घास कालवला, उचलला,
आणि तोंडापर्यंत नेऊन
जरा थांबलो.
घाई न्हाई.