गुडघे दिसू नयेत

ऑर्डर आली तेव्हा मी एका पाळण्यावर रंधा मारत होतो.
दोन पोडियम हवेत, सरकारी माणूस म्हणाला,
एकाच मापाचे, एकाच लाकडाचे.
शेजारचे दोन राष्ट्राध्यक्ष इथे तिबिलिसीत येऊन
कॅमेऱ्यासमोर वाद घालणार आहेत,
तीस वर्षं तोफा घालत आल्या तोच.

मी काखेतीचा अक्रोड काढला,
वडिलांनी माझ्या लग्नाच्या पलंगासाठी राखलेला.
(लग्न झालं, पलंग राहिला.)

दुसऱ्या दिवशी एका बाजूचा फोन:
पुढची फळी जमिनीपर्यंत घ्या, तेंगिझ.
गुडघे दिसू नयेत.
तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा:
आमच्या साहेबांची उंची जरा… समजून घ्या,
आत चार बोटं उंच पाट बसवा, बोभाटा नको.
बसवला.
मग दुसऱ्यातही तसाच बसवला,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

माझ्या दुकानाच्या डावीकडे वाझगेन बूट शिवतो,
उजवीकडे शाहसनम चहा विकते.
तो त्या देशाचा, ती ह्या.
माझ्या दोन भिंतींतून एकमेकांचा खोकला ऐकत म्हातारे झाले.
लढाई पेटली की आठवडाभर अबोला,
मग तिच्या किटलीच्या मुठीचं कातडं तुटतं
आणि शिवणार कोण?

वाझगेन म्हणाला, घालू दे वाद.
आजवर आपापल्या आरशाशी बोललेत,
एकदा समोरच्याच्या डोळ्यांत बघून
थाप मारून दाखवा म्हणावं.

शाहसनम साखरेचा खडा दातांत धरून म्हणाली,
चव्हाट्यावर माणूस समोरच्याशी बोलतच नाही रे,
पाठीमागे उभ्या असलेल्यांशी बोलतो.
बंद खोलीत एखादं पाऊल मागे घेईल,
निदान पेला तरी उचलेल.
एवढ्या डोळ्यांदेखत मागे सरकेल कसा?

बंद खोलीतच तर आमची गावं वाटली गेली.

ती गप्प. खडा विरघळेपर्यंत.
मग म्हणाली, आमचीही.

मला कुणी विचारलं नाही. सुताराला माप विचारतात.
विचारलं असतं तर म्हणालो असतो, टेबल करू द्या.
टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लागतो,
तोंडातून आपसूक ‘माफ करा’ निघतं.

त्या रात्री शाहसनमच्या टपरीत टीव्ही.
दोघं पाठ केलेलं बोलले.
एकाने बाराव्या शतकापासून सुरुवात केली,
दुसरा त्याच्याही दोनशे वर्षं मागे गेला.
टाळ्यांना मनाई होती,
तरी दोघं टाळ्यांपुरते थांबत.
वाझगेनला डुलकी लागली, लपवलीही नाही.

शेवटी ती एस्टोनियाची सूत्रसंचालक, सपाट आवाजाची, म्हणाली:
बेपत्ता सैनिकांची यादी दोघांच्याही पुढ्यात आहे.
पहिलं नाव वाचाल का?

चार सेकंद.
दुभाषेही गप्प, त्यांच्या हाती काही आलंच नव्हतं.
शाहसनमचा भाऊ त्या यादीत एकशे सहावा.
पडद्यावर दोन चेहरे, दोन टाय, पाण्याचे दोन ग्लास,
काहीच हललं नाही.
मग एक इतिहासाकडे वळला, दुसरा त्याच्यामागोमाग.

बघितलंस? शाहसनम म्हणाली
आणि टीव्ही बंद करून पेले विसळायला लागली.

नऊ दिवसांनी पोडियम परत आले,
बिल थकलेलं, चिठ्ठ्या उपटलेल्या,
कुठला कुणाचा कळायला मार्ग नाही.
एकाच्या आत, पाटावर,
अक्रोडात अर्धचंद्रासारखा ओरखडा, खोल.

वाझगेनने चष्मा लावला. बुटांतलं त्याला कळतं.
टाच आहे, म्हणाला. उजवी.
हा माणूस पाय मागे घेत होता.
घ्यायचा, पुन्हा पुढे आणायचा. पुष्कळ वेळा.

शाहसनम हात पुसत आली, वाकली,
ओरखड्यावरून बोट फिरवलं.
बोलली नाही काही.
किटली ओरडत होती, तिकडे गेली.