हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की माझगावच्या आमच्या ऑफिसात
हलिमाबी सारंग येतात,
आपण जिवंत आहोत हे सांगायला.

आधी चष्मा पुसतात. मग अंगठा.
सही येते त्यांना. पहिल्या वर्षी हात कापला,
आणि रजिस्टरात एकदा जे लागलं ते लागलं.

तिमाहीचे साडेचार हजार.
गोदीतली माणसं ट्रस्टच्या डब्यात टाकतात त्यातले.
कधी परक्या जहाजावरचा कुणी खलाशी
ओळखू न येणारी नोट टाकून जातो,
ती बदलायला मीच हिंडतो फोर्टात.

हसनमियां ऑइलमन होते.
एका पहाटे हजेरीला नव्हते.
दीड दिवस शोधलं, मग जहाज पुढे गेलं;
माल नाशवंत होता.
कंपनीने बॅग पाठवली: दोन बॉयलरसूट,
दंतमंजनाची अर्धी डबी,
आणि एक किल्ली,
घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी.

देह नाही, तर दाखला नाही.
सात वर्षं त्यांचं नाव ‘बेपत्ता’खाली.
यंदा कोर्टाचा कागद आला. मी म्हटलं,
आता विधवांच्या यादीत घेतो,
पाचशे जास्त मिळतील.

हलिमाबींनी अंगठ्याची शाई ओढणीला पुसली.
“कुलूप गावू दे आधी,” म्हणाल्या,
“मग लिवा.”

मार्चमध्ये ऑडिटरने त्या ओळीवर बोट ठेवलं.
ही चूक आहे ना?
आहे, म्हटलं.
आणि पान उलटलं.