पापुद्रा

बाहेर वजा चोवीस.
नारीनच्या बाजारात कंटेनरच्या पत्र्याला
उघडा हात लागला तर कातडं तिथंच राहील अशी सकाळ,
आणि माझ्या टेबलावरचं हे यंत्र
चालू करून चार मिनिटं होत नाहीत तोच
अठ्ठ्याण्णव अंश.
नव्व्याण्णव.
पडदा काळा.

उलकान-एजेनं ते घसरगाडीवरून ओढत आणलं,
नमद्यात गुंडाळून, दोरीच्या तीन वेढ्यांत.
"रोज मधेच मरतं मेलं," ती म्हणाली,
"माझी शिंगं अर्धी राहतात."
मेंढ्याची शिंगं. तिच्या गालिच्यांची नक्षी,
पडद्यावर आधी आखायची, मग कात्रीनं नमद्यात उतरवायची.

मी आधी कान देते.
पंखा फिरत होता. फिरत कसला, किंचाळत होता;
म्हणजे गुन्हा त्याचा नाही.
झाकण काढलं तर आत लोकर,
पात्यापात्यांत, फटीफटींत, करडी, काळी, एक धागा लाल.
ब्रशनं, फुंकरीनं, शेवटी चिमट्यानं काढली.
एका मोज्यापुरती भरली.
पुन्हा चालू केलं: शहाण्णव.
एवढ्या लोकरीचे दोन अंश!

मग व्होल्टेज पाहिलं, सेटिंगं पाहिली,
दुसरा पंखा लावला, तोही किंचाळला.
रात्री नूडल्सचा रस्सा गार झाला समोर,
पाणी नेमकं कुठं मुरतंय कळेना.
बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. म्हणायचे,
यंत्र खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही.

सकाळी विचारलं.
म्हणजे हात लावला, तांब्याच्या नळ्यांना, चालू असताना.
गार.
खाली चिप तव्यासारखी तापलेली,
आणि बोटभर वर तांब्याला पत्ताच नाही.
मधे कुणीतरी निरोप अडवून बसलं होतं.

चार स्क्रू, तिरप्या जोडीनं.
कूलर उचलला, पालथा केला,
आणि बुडाला चिकटलेला तो:
पारदर्शक पापुद्रा.
कोपऱ्यात लाल अक्षरं, लावण्याआधी सोलून काढा.
वाळून खडू झालेल्या पेस्टमध्ये
एका अंगठ्याचा ठसा, रेघन् रेघ शाबूत.

"जोडला कुणी?"
"मेडेरनं. नोवोसिबिर्स्कची गाडी पहाटे पाचला होती,
रात्रभर बसला होता बिचारा."
सहा वर्षं झाली.
सहा हिवाळे यंत्र तगलं,
कारण त्या खोलीच्या खिडकीची काच फुटकी होती.
यंदा तिनं काच बसवली.

तिला पापुद्रा दाखवला.
आधी कळेना. कळलं तशी एवढी हसली
की चहा सांडला.
"असाच आहे तो! कोटाच्या बाहीवरचं लेबल
लग्न लागेपर्यंत तसंच होतं."
मग एकदम थांबून, माझं मनगट धरून:
"त्याला सांगू नकोस हं.
दर रविवारी विचारतो, कॉम्प्युटर नीट आहे ना?
मी म्हणते, अगदी उत्तम."

स्पिरिटनं जुनी पेस्ट पुसली.
ठसाही गेला, दुसरा इलाज नव्हता.
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी,
कूलर बसवला. स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीनं.
पापुद्रा कचऱ्यात टाकणार
तर तो तिच्या पाकिटात गेला होता,
पेन्शनच्या पुस्तकात, घडी न घालता.

चालू केलं.
सेहेचाळीस.
तिनं नक्षी उघडली, अडलेल्या शिंगाचं वळण पुरं केलं,
मग समोरचं, आरशातल्यासारखं उलटं.
एकोणपन्नास. पन्नास. तिथंच.
अकरा मिनिटं, बारा, वीस.
ती मात्र अस्वस्थ, मान तिरकी करून ऐकत होती.
"आवाज कुठाय? बंद पडलं का गं?"

"चालू आहे," मी म्हटलं, "बघा हात लावून."

तिनं दातांनी हातमोजा ओढून काढला.
दोन बोटं ठेवली नळीवर.
तांबं कोमट होतं.
बराच वेळ तिनं बोटं काढली नाहीत.