तो मीच

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर
ओवळीच्या झाडाखाली माझी दोन यंत्रं:
एक इंग्रजी, एक देवनागरी.
चवथीआधी तेल घातलं, तरी
देवनागरीतला ळ अजून अडकतो.

कायतान फुर्तादनं पिशवीतून चार कागद काढले.
बाप्तिस्म्याच्या दाखल्यात काएतानो, फिकट शाईत, शेवटच्या ओला शेपूट.
शाळेच्या दाखल्यावर कैतान.
रेशन कार्डावर कायतन.
तारवाच्या नोंदवहीत नुसता कायत,
कारण रकाना संपला होता.
बँक म्हणते, ही चार माणसं.
मेलेल्या भावाची ठेव
मिळेल एकालाच.

मी टाइप करतो, इंग्रजीत, बँकेला तसंच लागतं:
वरील चारही नावांचा इसम एकच,
आणि तो मीच.

आम्ही बोलतो कोकणीत.
पानांचा हिशेब मी मनात मराठीत करतो,
पाढे ज्या भाषेत पाठ झाले
त्याच भाषेत पैसे मोजतो माणूस.

तो सांगतो, पॅसिफिकातल्या एका बेटावर
तारू वीस दिवस अडकलेलं.
डोंगर ओलांडला की भाषा दुसरी,
शंभराच्या वर.
त्यांतल्या तीनच सरकारी,
आणि तिघींतली एक मळ्यांवरच्या मजुरांनी, खलाशांनी
मोडतोड करून बनवलेली.
'आता तिच्यात संसद भांडते, पात्रांव!'
आणि बाकीच्या शंभर?
'त्या घरी जेवायला असतात.'

आपल्याकडे कायद्यात राजभाषा एक,
आणि माझी, 'वापरता येईल' अशी.
एका चुलीवरच्या दोन जावा.
कायतानची तर गंमतच:
भाषा राजभाषा, लिपी नव्हे.
मिस्साची पुस्तिका रोमीत घडाघडा वाचतो,
कचेरीवरच्या पाटीसमोर मात्र
मला विचारतो, काय लिहिलंय?
पाटी त्याच्याच भाषेत आहे.

कागद टाचताना टाचणी बोटात गेली.
'आवय गे!' मी.
तो हसला.
'हेंय बरय,' म्हणाला.

जनगणनेला मातृभाषेच्या रकान्यात
मी दर वेळी मराठी सांगतो. पुढेही सांगेन,
आईच्या ओव्या मराठीतच होत्या.
शिव्या नव्हत्या.

फी पन्नास.
त्यानं नव्वद ठेवले.
वरचे चाळीस कसले?
'चौघांचो च्या,' म्हणाला,
आणि सही करायला वाकला,
हळूहळू, रोमीत,
शेवटच्या ओला शेपूट काढत.